संगणकातलं पुणं आणि शाळेचा पट

शाळा उघडायच्या की नाहीत, याचं उत्तर काही दिवस माझ्या लॅपटॉपवर होतं. त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं.

कोरोनाची तिसरी लाट उतरणीला लागली होती. शाळा मधे थोडे दिवस उघडून पुन्हा बंद झाल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, पण वर्ग म्हणजे काय हे तिला नीट माहीतच नव्हतं. पहिलीचं अख्खं वर्ष तिने मोबाइलच्या चौकटीत काढलं होतं. हळूहळू ती बोलायचीच कमी झाली. बाईंनी काही विचारलं की ती कॅमेरा बंद करायची आणि पलंगाखाली जाऊन बसायची. माझी आई, निवृत्त शिक्षिका, पलंगाजवळ खाली बसून तिला बाहेर बोलवायची. आईला दमा. लशीचे दोन्ही डोस झाले होते, पण दमा तो दमाच. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं होतो. नवरा सकाळी चाकणला कारखान्यात जायचा, तो संध्याकाळी यायचा.

मी आधी हिंजवडीत विम्याची सॉफ्टवेअर लिहायचे. ती नोकरी सोडून मी एका छोट्या संशोधन गटात आले होते. गट म्हणजे आम्ही तिघं. सर गणिताचे प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, पेठेत वाढलेले. कौतुक करायचं झालं तर ‘वाईट नाही’ एवढंच म्हणणारे. दुसरे एक डॉक्टर, दवाखाना सोडून साथींच्या अभ्यासाकडे वळलेले. आणि मी, प्रोग्रॅम लिहिणारी.

आम्ही संगणकात एक पुणं बांधलं होतं. त्यात इमारती नव्हत्या, झाडं नव्हती, नुसती माणसं होती. प्रत्येक माणसाला एक नंबर, एक वय, एक घर, आणि दिवसभरात कुठे कुठे जायचं त्याची यादी. कुणी स्वारगेटहून बस धरून कामावर जायचं, कुणी दुकान उघडायचं, कुणी घरीच. ही माणसं खरी नव्हती. जनगणनेवरून आणि पाहण्यांवरून अंदाजाने बनवलेली होती. पण सगळी मिळून शहरासारखी वागायची. मग त्यातल्या थोड्यांना आजारी पाडायचं आणि बघत राहायचं. आजारी माणूस ज्याच्या जवळ जाईल त्याच्यासाठी संगणक फासा टाकणार: लागण झाली किंवा नाही झाली. असे दिवसामागून दिवस. फासा दर वेळी वेगळा पडतो, म्हणून तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून, कितीतरी वेळा. शेवटी आजाऱ्यांच्या संख्येची एक रेषा मिळायची. ती वर गेली तर दवाखान्यात खाटा कमी पडणार, खाली राहिली तर निभावून जाणार.

आरोग्य खात्यातल्या एका अधिकारी बाईंनी आम्हाला विचारलं होतं, प्राथमिक शाळा उघडल्या तर काय होईल? निर्णय वरचे लोक घेणार होते. त्यांच्यापुढे अनेकांचे कागद जाणार होते, त्यात एक आमचा.

मी शाळा उघडल्या आणि प्रोग्रॅम चालवला. रेषा वर गेली. तीही सरळ, भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखी.

पुन्हा चालवला, तरी तेच. अर्धा वेळ शाळा, एक दिवसाआड शाळा, खिडक्या उघड्या, शिक्षकांना सगळ्यांना लस, असं काय काय घालून पाहिलं. रेषा जरा वाकायची आणि परत चढायची. मी सरांना आकडे पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

“बरोबर आहेत का?”

“प्रोग्रॅम तरी हेच म्हणतोय, सर.”

“प्रोग्रॅम काय, तुम्ही सांगाल तेच म्हणणार. तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं ते मला सांगता येईना. मला शाळा उघडायला हव्या होत्या. मुलीला पलंगाखालून बाहेर काढायचं होतं. आणि त्याच वेळी मुलीने शाळेतून काही आणलं आणि ते आईला लागलं तर, ही भीती होती. म्हणजे रेषा वर गेली याचं मला दुःख होतं आणि आतून थोडी सुटकाही वाटत होती. हे सगळं मी सरांना धडपणे सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “सर, मला हे उत्तर आवडलं नाही. त्यामुळे मी चूक शोधायला लागले तर ते प्रामाणिक होईल का?”

 सर म्हणाले, “चूक जरूर शोधा. फक्त उद्या आवडतं उत्तर मिळालं तर तेव्हाही अशीच शोधायची. तेव्हा कंटाळा करायचा नाही.”

मी चार दिवस शोधलं. लागण होण्याची शक्यता तपासली, आजाराचे दिवस तपासले, लशीचे आकडे तपासले. मुलांची एकूण बेरीज तपासली, शाळांची संख्या तपासली. सगळं बरोबर. अधिकारी बाईंबरोबरची बैठक सोमवारी होती. रविवारची दुपार झाली तरी माझ्या हातात काही नव्हतं.

जेवणं झाली होती. नवरा मुलीला घेऊन खाली सायकल शिकवायला गेला होता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून नुसती बसले होते. आई शेजारी मेथी निवडत होती.

“काय झालं?” तिने विचारलं. “चार दिवस झाले, घरात माणूस आहे की नाही कळत नाही.”

मी तिला आतापर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. तिचा जीव कशाला घाबरा करायचा, म्हणून. पण त्या दिवशी सांगून टाकलं. शाळा उघडल्या तर मोठी लाट येते असं आमचा हिशोब म्हणतो, आणि उद्या मला ते जाऊन सांगायचंय.

आईचे हात थांबले. ती अमरावतीकडची. लग्न होऊन पुण्यात आली, त्यानंतर उभी नोकरी इथल्या प्राथमिक शाळांमधून केली. बोलणं आता पुरतं पुण्याचं झालंय, पण मनाला काही लागलं की मूळ भाषा वर येते.

“काहून येते लाट?” ती म्हणाली. “पहिलीची पोरं फळा न बघता दुसरीत गेली. अजून किती दिवस ठेवता त्यांना घरात?”

“मी नाही ठेवत, आई. संगणक म्हणतोय.”

“तुझ्या त्या संगणकात माझ्यासारखी बाई आहे का?”

मला हसू आलं. “असेल की. सगळ्या वयाची माणसं आहेत.”

“दाखव मला.”

आतापर्यंत आम्ही त्या शहराकडे लाखांच्या हिशोबानेच पाहिलं होतं. एकेका माणसाकडे पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं, गरजही वाटली नव्हती. मी शोधलं: आमच्या भागात राहणारी, आईच्या वयाची बाई, घरात सात वर्षांची मुलगी. बऱ्याच निघाल्या. त्यातली पहिली घेतली. आईने चष्मा लावून खुर्ची जवळ ओढली.

“ही सकाळी काय करते?”

“घरीच असते. मग बाजारात जाते. मग घरी.”

“बरं. आणि तिची नात?”

“नात शाळेत जाते.”

“कुठल्या?”

“शाळा नंबर शून्य,” मी वाचलं. “शाळांना नावं नसतात आई, नंबर असतात.”

“आहे कुठे ती?”

मी पत्ता काढला. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती वर्गात गृहपाठ न करणाऱ्या मुलाकडे बघत असावी. “बिबवेवाडीतली सात वर्षांची पोर रोज तिथे जाते? कोण सोडतं तिला?”

“आई, हे अंदाजाने केलेलं असतं. काही मुलं लांब जातात.”

“दुसरी दाखव.”

दुसरी आजी, दुसरी नात. शाळा नंबर शून्य. तिसरी, तीच शाळा. मी घाईने चौथी, पाचवी उघडू लागले. आई मात्र शांतपणे, सवयीने, जसं कुठल्याही शाळेबद्दल कुणीही शिक्षिका पहिल्यांदा विचारेल तसं म्हणाली, “पट किती आहे या शाळेचा?”

पट, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या. चार दिवसांत मी मुलं मोजली होती, शाळा मोजल्या होत्या. एकेका शाळेचा पट मोजला नव्हता. एक ओळ लिहून विचारलं. उत्तर क्षणात आलं. आकडा पाच अंकी होता.

“किती वर्गखोल्या?” आईने विचारलं.

“चार.”

 आईने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली आणि मग तिला हसू आवरेना. दम्यामुळे तिला फार हसता येत नाही, खोकला येतो. ती हसत होती, खोकत होती आणि मधेच म्हणत होती, “अगं, चार खोल्यांत! उभी तरी कशी राहतात?”

कारण शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. शाळांच्या यादीत काही भागांची माहिती कोरी होती. त्या भागातल्या मुलाला जवळची शाळा सापडली नाही की प्रोग्रॅम त्याला शून्य नंबर द्यायचा. आणि संगणक शून्यापासून मोजतो, त्यामुळे शून्य नंबर म्हणजे यादीतली पहिली शाळा. त्या सगळ्या भागांतली पोरं रोज सकाळी त्या चार खोल्यांत कोंबली जात होती आणि संध्याकाळी आजार घेऊन घरोघरी परतत होती. लाट येणार नाही तर काय होईल? बेरीज बरोबर येत होती, कारण एकही मूल हरवलं नव्हतं. सगळी एकाच ठिकाणी होती.

प्रोग्रॅममधली शून्य नंबर देणारी ती ओळ माझीच होती. दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं असं वाटलं, पण प्रत्येक ओळीखाली लिहिणाऱ्याची नोंद असते. शरम वाटली. तरी खरं सांगायचं तर शरमेपेक्षा छाती हलकी झाली ती जास्त. मी उठून आईला मिठी मारली. तिच्या मांडीवरची मेथी सगळी खाली.

सरांना फोन केला. मी सगळं सांगितलं, ते ऐकत राहिले.

“तुमच्या मातोश्रींना विचारा, आमच्याकडे येतात का कामाला,” ते म्हणाले. आणि लगेच, “बैठक दोन दिवस पुढे ढकलतो. दुरुस्त करा, चालवा. रेषा खाली आली तर परत चूक शोधायची आहे. आठवतंय ना?”

मुलांना मी आपापल्या भागातल्या शाळांमध्ये नेऊन बसवलं. एकेका शाळेचा पट डोळ्यांनी पाहिला. मग प्रोग्रॅम चालवला. रेषा थोडी वर आली आणि वळली. खाटांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली.

मला वाटलं, झालं. पण सरांना शब्द दिला होता. दोन दिवस आम्ही तिघंही पुन्हा बसलो, आवडलेल्या उत्तरातली चूक काढायला. हे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. डोळे आपोआप पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “अहो, तुमची ही मुलं शाळेतून आल्यावर घरात कुणाजवळ असतात?”

“घरातल्या सगळ्यांजवळ सारखीच,” मी म्हणाले.

“आई-बाप कामावर असतात ना? मग सारखी कशी? पोरं आजीजवळ असतात दिवसभर. तिच्या ताटातलं खातात.”

माझ्याच घरात रोज दिसणारी गोष्ट, पण मी ती लिहिली नव्हती. दुरुस्त केलं. रेषा वर सरकली. पालीसारखी नाही, पण सरकली, आणि तिच्यात म्हातारी माणसं जास्त होती. मी ती बराच वेळ पाहत राहिले. तरीही ती मर्यादेच्या खालीच होती. अर्धा वेळ शाळा आणि उघड्या खिडक्या घातल्या की आणखी खाली. याहून स्वच्छ उत्तर आमच्याकडे नव्हतं.

बुधवारी सर आणि मी अधिकारी बाईंच्या कचेरीत गेलो. टेबलावर फायलींची चळत, बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दोन वर्षं त्यांनी सुट्टी घेतली नसावी. सरांनी मलाच बोलायला सांगितलं. मी आलेख दाखवले, आधीची चूकही सांगितली. चार खोल्यांच्या शाळेचं ऐकून त्या हसल्या नाहीत.

“मॅडम, मला एका वाक्यात सांगा. उघडायच्या का?”

“उघडायला हरकत दिसत नाही. अर्धा वेळ, खिडक्या उघड्या, ज्या घरात आजारी म्हातारं माणूस आहे तिथे जास्त काळजी, आणि रोजच्या आकड्यांवर नजर...”

“पाऊस पडेल का विचारलं की तुम्ही लोक छत्री कशी धरायची ते सांगता.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला मूल आहे?”

“मुलगी आहे. दुसरीत.”

“घरी म्हातारं माणूस?”

“आई. तिला दमा आहे.”

“पहिल्या दिवशी पाठवणार मुलीला?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत आले होते. आलेखातल्या रेषेला आई नसते. सरही माझ्याकडे बघायला लागले. मला त्या चार दिवसांतली सुटका आठवली, रेषा वर गेल्यावर आतून वाटलेली, की चला, आपल्याला ठरवायला नको. तीच आता हिशोब मागायला आली होती.

“पाठवणार,” मी म्हणाले. 

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही. आमच्या कागदाने किती फरक पडला तेही माहीत नाही. वरच्यांपुढे बरेच कागद होते. शाळा उघडल्या एवढं खरं.

पहिल्या दिवशी आईने मुलीच्या दोन वेण्या घातल्या. मुलगी दारात चपला घालून उभी राहिली आणि तिथेच थांबली. आई मास्क लावून तिच्यापुढे खाली बसली. “घाबरतेस काहून? बाईंना पण आज भीती वाटत असेल. किती दिवसांनी त्या वर्ग घेणार! तू जाऊन त्यांना नमस्ते म्हण, म्हणजे त्यांना बरं वाटेल.” मुलगी विचारात पडली. मग गेली.

मी रोज सकाळी शहराचे आकडे उघडून आमच्या रेषेशेजारी ठेवायचे. आठवडा गेला, खरी रेषा आमच्या रेषेच्याही खाली होती. अकराव्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती अंग तापलेलं घेऊन. घसा लाल. ती नेहमीसारखी आजीच्या मांडीवर जाऊन पडली आणि मी ओरडले. दोघीही दचकल्या.

तपासणीचा अहवाल यायला एक दिवस लागणार होता. मुलीला मी आतल्या खोलीत ठेवलं. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली, जेवायलाही तिथेच. मी तिला थर्मामीटर दिलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र दिलं, दर तासाला आकडा विचारायला लागले. शेवटी ती म्हणाली, “बस खाली जरा. तू त्या दिवशी नाही म्हणाली असतीस तरी मी पोरीला शाळेत पाठवलंच असतं. तुझ्या त्या अधिकारी बाईंना मी विचारलं नसतं.”

“आणि तुला काही झालं तर?”

“मला काही झालं तर दम्याने होईल, कोरोनाने होईल, नाहीतर तुझ्या या थर्मामीटरने होईल.” मग हळू आवाजात म्हणाली, “मलाही भीती वाटते गं. पण घरात बसून ती पोर मुकी होत होती. ते मला जास्त भीतीचं होतं.”

ती संध्याकाळी रोजच्यासारखी बुद्धवंदना म्हणत होती, गॅलरीतूनच. आतल्या खोलीच्या दारामागून मुलगी तिच्या सुरात सूर मिळवत होती, बसलेल्या आवाजाने. मी स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही आवाज ऐकले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, खिचडी पार गिचका झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल आला. निगेटिव्ह. मी तीनदा वाचला. मग मुलीच्या खोलीचं दार उघडून विचारलं, “शाळेत काय खाल्लंस खरं सांग.”

ती आजीकडे बघायला लागली. आजी गॅलरीतून म्हणाली, “सांग, सांग. आता कुणी रागावत नाही.”

“गोळा,” ती म्हणाली. “कालाखट्टा. शाळा सुटल्यावर गाडी असते ना. मी दोन खाल्ले. एक मैत्रिणीने दिला.”

मैत्रीण! दोन वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. रागवायचं राहूनच गेलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात त्याला अर्धंच ऐकू गेलं. “काय खाल्ला? गोळा?” तो ओरडला आणि मग बराच वेळ हसत राहिला. दोन दिवस तो रडवेला झाला होता, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

आकडे पुढेही खालीच राहिले. काही आठवड्यांनी शाळा पूर्ण वेळ झाल्या. सरांना मी शेवटचा आलेख पाठवला, आमची रेषा आणि खरी रेषा शेजारी शेजारी. त्यांचं उत्तर आलं, “वाईट नाही.” आमच्या हिशोबामुळे काही वाचलं असं मी म्हणत नाही. विषाणूही तेव्हा सौम्य झाला होता, लस बऱ्याच जणांना मिळाली होती. चुकलेला कागद घेऊन मी सोमवारी गेले असते तरी वरच्यांनी कदाचित शाळा उघडल्याच असत्या. पण मी तो कागद घेऊन गेले नाही, एवढं मला पुरतं.

त्या उन्हाळ्यात एकदा लॅपटॉपचं चार्जर घ्यायला बुधवार पेठेत गेले. दुकानासमोर गर्दी, खांद्याला खांदा, कुणी ढकलतंय, कुणी भाव करतंय, पाठीमागे एक गृहस्थ दुकानदाराला “अहो, तुम्ही वस्तू विकता की उपकार करता?” असं विचारत होते. दोन वर्षं मी गर्दीत उभी राहिले की मनात आपोआप मोजायचे, हाताच्या अंतरावर किती जण, किती वेळ. त्या दिवशी चार्जर घेऊन रस्त्यापलीकडे आले, उसाचा रस प्यायले, आणि अर्धा ग्लास संपल्यावर लक्षात आलं की आज मोजलंच नव्हतं. रसवाल्याला म्हटलं, अजून एक द्या, बर्फ घालून.